गार असताना शहाणी, गरम झाली की हटून बसणारी: १९६८ च्या जीटीओचा उन्हाळी दोष

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमची तक्रार हीच आहे का ते लगेच कळेल.

गाडी सकाळी एका चावीत सुरू होते. पाऊण तास हायवेवर दणक्यात पळते, टेंपरेचरचा काटा जागचा हलत नाही. पेट्रोल भरायला थांबता. टाकी भरणं, कॉफी, काच पुसणं यात पंधरा-वीस मिनिटं जातात. परत येऊन चावी फिरवली की गाडी ढिम्म. बोनेट उघडून उभे राहता. दोन अनोळखी माणसं येऊन गाडीचं कौतुक करतात, तिसरा येऊन त्याच्या वडिलांकडे अशीच होती आणि त्यांनी ती का विकली हे सविस्तर सांगतो. तासाभराने वैतागून पुन्हा चावी मारता, तर एका झटक्यात सुरू. घरी आणून तपासावं तर सगळं ठीकठाक.

माझ्या १९६८ च्या पॉन्टिॲक जीटीओने चार उन्हाळे मला असं नाचवलं. त्या चार उन्हाळ्यांत मी दोन सेल्फ, एक बॅटरी, एक कॉइल (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी) आणि एक पेट्रोल पंप बदलला. काढलेल्या एकाही वस्तूत दोष नव्हता. उलट त्यातली एक नवी वस्तू बसवून मी गाडीत नसलेला दोष घातला. ते पुढे येईलच.

घोळ असा होता की मी दर वेळी गार गाडी तपासत होतो. दोष जगायचा वीस मिनिटं, आणि मी मीटर घेऊन पोचायचो दुसऱ्या दिवशी सकाळी. शेवटी एका शनिवारी ठरवून गाडी तासभर हायवेवर पळवली, घरच्या ड्राइव्हवेत आणून बंद केली, घड्याळ लावलं आणि मीटर, टॉर्च, इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन शेजारी स्टूल टाकून बसलो. चार वर्षांत जे कळलं नव्हतं ते त्या दुपारी निम्मं कळलं. तुम्हीही सुटे भाग मागवण्याआधी गाडी घरी मुद्दाम हट्टाला पेटवा. फक्त हाताशी पेट्रोलच्या आगीला चालणारं अग्निशामक ठेवा, गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला लाकडी ठोकळा लावलेला असू द्या. तापलेल्या ओतीव लोखंडाच्या वर उघडं पेट्रोल असलेली ही जागा आहे.

गाडीची माहिती थोडक्यात. मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. इंजिन ४०० क्युबिक इंच, म्हणजे ६.६ लिटरचं, कंपनीच्या आकड्यानुसार ३५० अश्वशक्तीचं. कॉम्प्रेशन १०.७५ ला १. वर रोचेस्टरचा चार नळ्यांचा क्वाड्राजेट कार्बोरेटर, इग्निशन मूळचंच, पॉइंट-कंडेन्सरचं. शेव्हेल, कॅमारो, फायरबर्ड, ओल्ड्सची ४४२ वगैरे जनरल मोटर्सच्या त्या काळच्या गाड्यांना पुढचं जवळपास जसंच्या तसं लागू पडेल. फोर्डवाल्यांचा मुख्य रिले मडगार्डच्या आतल्या बाजूला, उष्णतेपासून लांब असतो आणि क्रायस्लरने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गिअर-रिडक्शनचा सेल्फ आणला होता, म्हणून त्यांनी सेल्फचा भाग वरवर वाचला तरी चालेल. पेट्रोलचा भाग मात्र सगळ्यांचाच.

या गाड्या इतक्या तापतात का, याचं उत्तर त्यांच्या जन्मातच आहे. जनरल मोटर्सने तेव्हा मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही असा नियम केला होता. पॉन्टिॲकच्या जॉन डिलोरियन आणि मंडळींनी १९६४ साली टेम्पेस्ट लमाँमध्ये मोठ्या गाडीचं ३८९ चं इंजिन ‘ऑप्शन’ म्हणून घातलं आणि नियमाला बगल दिली. तीच जीटीओ. मधल्या गाडीत मोठं इंजिन, ही मसल कारची सगळी पाककृती. पण मोठं इंजिन बसवलं म्हणून बोनेटखालची जागा मोठी होत नाही. त्यात नंतरच्या मालकांनी मोठे एक्झॉस्ट हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) घातले की सेल्फ भट्टीच्या तोंडाशीच जाऊन बसतो.

आता पहिला प्रश्न, आणि याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही: गरम असताना चावी फिरवली की इंजिन फिरतं का? नुसता ‘टक’ आवाज येऊन थांबतं किंवा रडत-कण्हत फिरतं, तर दोष विजेचा. नेहमीच्या वेगाने गरागरा फिरतं पण पकडत नाही, तर दोष पेट्रोलचा किंवा स्पार्कचा. हे दोन वेगळे आजार आहेत. माझ्या गाडीला दोन्ही होते, आळीपाळीने, आणि मी त्यांना एकच समजत होतो. म्हणून एकावर औषध केलं की दुसरा डोकं वर काढायचा आणि मला वाटायचं औषध लागू पडलं नाही.

फिरतच नाही, किंवा रडत फिरतं

‘सेल्फ तापला की बसतो’ हे इथल्या दर मिस्त्रीचं पाठ केलेलं उत्तर आहे. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. तांब्याचा रोध तापमान वाढलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. सेल्फची गुंडाळी २० अंशांवरून १२० वर गेली की रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे करंट कमी ओढला जातो. पण कंपनीने हे धरूनच सेल्फ बनवला होता. नव्या गाड्या १९६८ च्या जुलैतही सुरू व्हायच्या. मग आज का नाही? कारण बाकीच्या तारा-जोडांत जी थोडी शिल्लक होती ती पन्नास वर्षांत खाऊन झाली आहे. गार असताना भागतं, गरम झाली की तूट उघडी पडते.

ही तूट कुठे आहे ते मीटर सांगतो. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, कॉइलची प्लस बाजूची तार काढा म्हणजे इंजिन पकडणार नाही, आणि कुणाला तरी चावी मारायला बसवा. आधी बॅटरीच्या दोन खांबांवर: थांबलेली असताना १२.६ च्या आसपास, सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जायला नको. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती केबल किंवा तिचे जोड खराब. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर. इथे ०.२ ते ०.३ च्या वर काही दिसता कामा नये. तारा काढायच्या नाहीत, सुट्या करून रोध मोजायचा नाही. जाड केबलचे दहा-वीस धागे शिल्लक असले तरी रोध शून्यच दिसतो, पण सेल्फचा दोनशे अँपिअर करंट त्यातून जाताना खरं रूप कळतं.

माझ्याकडे प्लस बाजूला ०.३५ निघाला. ठीक. अर्थच्या बाजूला निघाला १.४.

मी दोनदा पाहिला. मग केबल उलगडली तर कारण इतकं बावळट की हसू आलं. आधीच्या मालकाने इंजिन रिस्टोअर करताना ब्लॉकला पॉन्टिॲकचा तो फिकट निळा रंग दोन हात मारला होता, आणि अर्थची केबल रंगावरच कसली होती. इंजिनपासून फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) जाणारी गुंफलेली पट्टी तर पुन्हा लावलीच नव्हती, बहुधा गंजलेली दिसत होती म्हणून. फोटोत गाडी कशी दिसेल याचा विचार करून जोडलेली गाडी होती ती. रिस्टोअर न केलेल्या, गंजक्या गाड्यांपेक्षा चकचकीत गाड्यांत हा दोष जास्त सापडतो, आणि चॅसिसला पावडर कोटिंग केलेलं असेल तर विचारूच नका. रंग खरवडून उघडं लोखंड काढलं, चावऱ्या वॉशर टाकून केबल कसली, दोन नव्या पट्ट्या लावल्या. १.४ चा ०.१५ झाला. खर्च बाहेरच्या जेवणाइतकाही नाही, आणि मी तोवर दोन सेल्फ बदलून बसलो होतो.

रडत फिरण्याचं आणखी एक कारण आहे, त्याला मीटरही लागत नाही. कॉइलची तार काढून गरम इंजिन फिरवून पाहा. तार काढल्यावर मोकळं, एकसारखं फिरत असेल आणि तार जोडली की अडखळत, मध्येच ढेकर दिल्यासारखं थांबत फिरत असेल, तर टायमिंग फार पुढे आहे. ठिणगी लवकर पडते आणि पिस्टन वर येण्याआधीच त्याला खाली ढकलते. माझ्या इंजिनाला कंपनीचा आकडा ९ अंश आहे, कुणीतरी ‘पिकअप वाढतो’ म्हणून १६ वर नेलं होतं. १०.७५ च्या कॉम्प्रेशनला गरम असताना हे झेपत नाही. पिकअप वाढवायचाच असेल तर डिस्ट्रिब्यूटरमधल्या वजन-स्प्रिंगांतून वाढवा, सुरुवातीचा आकडा ताणू नका.

नुसता ‘टक’ किंवा तोही नाही, असं असेल तर सेल्फच्या सोलेनॉइडवरच्या (चावीने चालणाऱ्या चुंबकी स्विचवरच्या) एस टर्मिनलवर किती व्होल्ट पोचतात ते पाहा. इथे येणारी जांभळी तार डॅशबोर्डवरच्या चावीच्या स्विचमधून, मग न्यूट्रल सेफ्टी स्विचमधून, मग फायरवॉलच्या मोठ्या कनेक्टरमधून येते. तीन जागचे पन्नास वर्षांचे संपर्क. सोलेनॉइडची गुंडाळी तापलेली, त्यात व्होल्ट कमी, मग प्लंजर ओढला जाणार कसा? त्यावरचा इलाज म्हणजे मडगार्डवर एक रिले बसवायचा आणि चावीच्या तारेने फक्त त्याला जागं करायचं. सोलेनॉइडला करंट थेट बॅटरीकडून मिळतो. पुष्कळ जण यासाठी फोर्डचा मडगार्डवरचा सोलेनॉइड वापरतात, मीही वापरला. पण सेल्फची जाड केबल त्यातून नेऊन सेल्फवर दोन टर्मिनलांत पट्टीचा जोड देण्याची जी पद्धत सांगितली जाते ती टाळा. तशी जोडणी केली की चावी सोडल्यावरही सेल्फ क्षणभर गुंतून राहतो आणि दातांचा आवाज ऐकून पोटात गोळा येतो. जाड केबल सेल्फवर थेटच राहू द्या, नव्या सोलेनॉइडने फक्त एस टर्मिनल चालवा.

फिरतं, पण पकडत नाही: आधी स्पार्क

आता माझा स्वतःचा पराक्रम. तिसऱ्या उन्हाळ्यात मी जुना सेल्फ काढून नव्या पद्धतीचा छोटा, गिअर-रिडक्शनचा सेल्फ बसवला. इंजिन काय फिरायला लागलं! आणि पंधरा दिवसांत नवीनच तऱ्हा: गरम असताना गरागरा फिरतं, पकडत नाही, आणि कंटाळून चावी सोडली की नेमकं त्या क्षणी ‘भुक’ करून पकडतं. कधी पकडतं, कधी नुसती उचकी देतं.

चावी सोडताना पकडणारी गाडी पाहिली की नव्याण्णव टक्के कारण एकच. या गाड्यांत कॉइलला चालताना पूर्ण बारा व्होल्ट देत नाहीत, मध्ये रोध असलेली तार घालून व्होल्ट उतरवतात, नाहीतर पॉइंट जळतात. पण सेल्फ मारताना बॅटरीच खाली आलेली असते, तेव्हा ही उतरण परवडत नाही. म्हणून जुन्या सोलेनॉइडवर आर नावाचं दुसरं बारीक टर्मिनल असतं. सेल्फ फिरतो तेवढा वेळ ते कॉइलला बॅटरीचे सगळे व्होल्ट थेट पोचवतं. माझ्या नव्या छोट्या सेल्फवर आर टर्मिनलच नव्हतं. ती तार मी ‘जास्तीची’ समजून टेप गुंडाळून बाजूला बांधून ठेवली होती! सेल्फ फिरताना कॉइलला पाच-सहा व्होल्ट मिळत होते, स्पार्क मेणबत्तीएवढा. चावी सोडली की बॅटरी वर येते, स्पार्क सुधारतो, तोवर इंजिन थांबत आलेलं असतं.

फोर्डच्या त्या सोलेनॉइडवर आय टर्मिनल असतं, ते हेच काम करतं. तार त्यावर आणली, विषय संपला. तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर त्याला बहुधा कायम पूर्ण बारा व्होल्ट लागतात. कुणी ते जुन्या रोधाच्या तारेवरच जोडलं नाही ना, हे कागद बघून तपासा.

कॉइल गरम झाल्यावर मरते हेही खरं असतं, पण जितकं बोललं जातं तितकं नाही. गाडी बंद पडलेली असताना एक सुटा प्लग वायरीला जोडून, प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकवून, कार्बोरेटरपासून लांब धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला लावून पाहा. निळा, चटकन आवाज करणारा स्पार्क असेल तर कॉइलला सोडून द्या.

फिरतं, स्पार्क आहे, तरी पकडत नाही: पेट्रोल उकळतंय

आमच्या मामांकडे प्रीमियर पद्मिनी होती. मुंबईहून पुण्याला येताना खंडाळ्याच्या घाटात कडेला उभ्या असलेल्या फियाट आणि ॲम्बेसेडर ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. मामा बोनेट उघडून ओलं फडकं पेट्रोल पंपावर टाकायचे आणि आम्हा पोरांना बिस्किटं देऊन गप्प करायचे. त्या पंपाला सगळे मिस्त्री ‘एसी पंप’ म्हणायचे आणि मला वाटायचं हा गारव्याशी संबंधित काही भाग असावा. इथे आल्यावर कळलं की एसी म्हणजे आल्बर्ट शाँपियाँ, इथल्या उच्चारात अल्बर्ट चॅम्पियन, या फ्रेंच सायकलपटूच्या नावाची आद्याक्षरं. त्याने १९०८ साली इथल्याच फ्लिंट गावात स्पार्क प्लगची कंपनी काढली, ती पुढे जनरल मोटर्सची झाली. खंडाळ्यात ज्या पंपावर पाणी मारलं जायचं त्याचं नाव माझ्या आजच्या घरापासून तासाभरावर जन्मलेलं.

मूळ आजार तोच. इंजिन बंद झालं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि हेडमधली उष्णता वर चढते. वर बसलाय कार्बोरेटर. त्या शनिवारी माझ्या थर्मामीटरवर फ्लोट चेंबरचं, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीचं, अंग चालत्या गाडीत ४८ अंश होतं. बंद केल्यावर पंधराव्या मिनिटाला ७४. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे. त्यातले हलके भाग ३५-४० अंशांपासूनच उडायला लागतात.

आजचं पेट्रोल यात भर घालतं. इथे पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, आणि एवढ्या प्रमाणात ते मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब साधारण एक पीएसआयने (पीएसआय हे दाबाचं इथलं माप) वाढतो. शिवाय हिवाळ्यात गाड्या सुरू व्हाव्यात म्हणून मुद्दाम जास्त उडणारं पेट्रोल विकतात, त्याचा दाब १५ पीएसआयपर्यंत असू शकतो. उन्हाळ्याची मर्यादा ९, काही शहरी भागांत त्याहून कमी, पण ती पंपांना लागू होते १ जूनपासून. म्हणून माझी गाडी जुलैपेक्षा मेच्या एखाद्या उकाड्याच्या दिवशी जास्त रडायची: टाकीत हिवाळ्याचं पेट्रोल आणि बाहेर २८ अंश. तारखा वहीत लिहिल्या नसत्या तर हे कधीच लक्षात आलं नसतं. शेजारचे म्हातारबुवा पॉन्टिॲक शहरातल्या कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांना वही दाखवली तर म्हणाले, “आम्ही ही गाडी या पेट्रोलसाठी बनवली नव्हती बाबा.” यात थोडा अभिमान होता आणि थोडी जबाबदारी झटकणं.

उकळतंय हे कसं ओळखायचं? इंजिन बंद असताना एअर क्लीनर काढा आणि टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात बघा. आतल्या बारीक नळ्यांमधून पेट्रोल ठिबकतंय, भिंती ओल्या आणि नाकात जाणारा वास, तर गाडी ओव्हर झाली आहे: उकळलेलं पेट्रोल उतू जाऊन इंटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांत, गेलंय. आत कोरडं दिसलं तर थ्रॉटल हाताने एकदाच उघडा. पुढच्या दोन नळ्यांत पेट्रोलच्या दोन धारा दिसल्या पाहिजेत. धार नाही, नुसता फुसफुसाट, तर फ्लोट चेंबर रिकामं. दहा-वीस मिनिटांत बहुतेक पहिला प्रकार दिसतो, तासाभराने दुसरा. सेल्फ मारण्याआधी एअर क्लीनर परत बसवा. उलटी ठिणगी वर आली तर तोच तुमच्या भुवया वाचवतो.

दोन्हींची सुरू करायची रीत उलटी आहे, आणि इथेच लोक बॅटरी उतरवून बसतात. ओव्हर झालेली असेल तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून तसाच धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. हवा जास्त गेली की पाच-सहा सेकंदांत खोकत पकडते, मागून काळा धूर येतो. रिकामी असेल तर पाय हलकाच ठेवून दहा सेकंद सेल्फ, मिनिटभर थांबणं, पुन्हा दहा सेकंद. चेंबर भरलं की दोनदा पंप करून सुरू करा. दर वेळी सवयीने पाच-सहा वेळा ॲक्सिलरेटर मारणारा माणूस ओव्हर झालेल्या गाडीला बुडवतो.

कायमच्या इलाजांत मी ज्या क्रमाने गेलो तो स्वस्तापासून महागाकडे असा नव्हता, पण तुम्ही तसं करा. आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरची हीट रायझरची झडप. गार असताना तिचं वजन हाताने सहज फिरलं पाहिजे. ती बंद अवस्थेत गंजून अडकली असेल तर गरम धूर सतत इंटेक मॅनिफोल्डच्या पोटातल्या बोगद्यातून, नेमका कार्बोरेटरच्या बुडाखालून जात राहतो. हिवाळ्यात पेट्रोल नीट उडावं म्हणून तो बोगदा केलेला आहे. झडप मोकळी केल्यावर माझा ७४ चा आकडा ६७ वर आला, एकही पैसा न घालवता.

मग कार्बोरेटरखालचं गॅसकेट. क्वाड्राजेटखाली मूळचं जाड, उष्णता अडवणारं गॅसकेट असायचं. दुरुस्तीच्या किटमध्ये पुष्कळदा पातळ कागदी येतं आणि तेच बसवलं जातं. साधारण सहा मिलिमीटर जाडीचं आणा, त्याखाली कार्बोरेटरच्या बाहेर पंख पसरलेला ॲल्युमिनियमचा पत्रा टाका. आधी एअर क्लीनरवर ओल्या मातीचा गोळा ठेवून बोनेट बंद करून पाहा, जागा किती उरते ते कळेल. एवढ्यावरच माझी निम्मी तक्रार गेली.

तो बोगदा गॅसकेटने कायमचा बंद करायचा सल्लाही मिळेल. करायला हरकत नाही, मिठाच्या रस्त्यावर हिवाळ्यात या गाड्या काढतो कोण? पण १९६८ च्या पॉन्टिॲकमध्ये चोकची स्प्रिंग त्या बोगद्याच्याच उष्णतेवर उघडते. बोगदा बंद केला की चोक उघडायला फार वेळ घेतो किंवा उघडतच नाही, आणि मग गाडी काळा धूर का ओकते म्हणून नवा शोध सुरू. विजेवर चालणारा चोक बसवायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

पेट्रोलच्या नळ्या हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची लोखंडी नळी मूळ वळणानेच असावी, हेडला टेकलेली नको. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी तुकड्यांकडे आणखी नीट बघा, कारण तिथे पंप ओढत असतो. भेगाळलेली नळी बाहेर ठिबकत नाही, आत हवा घेते, आणि पंप हवा ओढायला लागला की गरम दिवशी पेट्रोल चढत नाही. जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही, नळी घेताना तिच्यावर ‘३० आर ९’ छापलेलं बघून घ्या. भारतात आता वीस टक्क्यांचं पेट्रोल आलंय, तेव्हा जुन्या पद्मिनीवाल्यांनी तर हे आधी करावं. त्या वर्षांत एसी, म्हणजे खराखुरा वातानुकूलनवाला एसी, असलेल्या बऱ्याच गाड्यांना पंपापासून टाकीकडे परत जाणारी तिसरी नळी असायची. त्यातून वाफ परत जाते आणि पेट्रोल फिरतं राहतं. पंप बदलताना कुणी दोन तोंडांचा पंप लावून ती नळी बोल्ट ठोकून बंद केली असेल तर तीन तोंडांचा पंप आणून ती पुन्हा जिवंत करा. मी चांगला पंप काढून जो नवा लावला होता तो दोन तोंडांचा निघाला, हे कबूल करतो.

पेट्रोलच्या नळीवर कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचा एक जुना अमेरिकन तोडगा आहे. प्रदर्शनात अजून दिसतो. चिमट्यांनी काही होत नाही. मामांचं ओलं फडकं मात्र खरंच काम करतं, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. कमी अंशांचा थर्मोस्टॅट घालूनही फार फरक पडत नाही, इंजिन बंद झाल्यावरच्या तापण्याशी त्याचा संबंध थोडा.

टाकीजवळ विजेचा पंप लावणं हा शेवटचा उपाय. तो पेट्रोल ढकलतो, त्यामुळे नळीत वाफ धरत नाही. पण इंजिन बंद पडलं की तो थांबेल अशी ऑइल प्रेशरच्या स्विचची सोय केल्याशिवाय लावू नका, अपघातात नळी तुटली तर तो आगीवर पेट्रोल ओतत राहील. आमच्या एका मित्राकडे २००५ ची जीटीओ आहे, ऑस्ट्रेलियाच्या होल्डन मोनारोवर बेतलेली, ४०० अश्वशक्तीची. तो माझ्या या सगळ्या खटाटोपाला हसतो. त्याच्या इंजेक्शनच्या नळीत पेट्रोल सुमारे ५८ पीएसआय दाबाखाली असतं, एवढ्या दाबात ते सहजी उकळत नाही. माझ्या पंपाचा दाब सहा.

आता गाडी कशी आहे? दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. हजारो गाड्या, चालण्याच्या वेगाने. याहून कठीण परीक्षा नाही. गेल्या वर्षी ३२ अंशांत दोन तास रांगत गेलो, मध्ये तीनदा थांबलो. दोनदा लगेच सुरू झाली. तिसऱ्यांदा ॲक्सिलरेटर तळाला धरून चार सेकंद सेल्फ मारावा लागला. तेवढं चालतं.

अशा दिवशी थांबलो की आधी बोनेट उघडून ठेवतो, उष्णता वरून निघून जाते आणि आकडा आणखी सहा-सात अंशांनी कमी राहतो. उघडं बोनेट पाहिलं की लोक गाडी बंद पडली समजून मदतीला येतात. मी नाही म्हणत नाही. घशात टॉर्च धरायला कुणीतरी लागतंच.